पंधरा विरुद्ध एक

महायुद्ध जिंकलेला पक्ष लगेचची निवडणूक का हरला, हे राजदीप रामटेके सरांइतकं जीव ओतून शिकवणारा माणूस धानोऱ्यात नाही. खरं सांगायचं तर दुसरा शिकवणाराच नाही. सतरा वर्षं सर सावली गावाहून दोन बस बदलून इथल्या महाविद्यालयात येतात, राज्यशास्त्र शिकवतात, आणि सतरा वर्षं त्यांची नेमणूक दोनच शब्दांना लटकलेली आहे: तासिका तत्त्वावर. तास घेतला तर प्राध्यापक, नाही घेतला तर कोणीच नाही. दर जूनला नवा अर्ज, नवी मुलाखत आणि त्याच त्या तीन माणसांपुढे हात जोडून बसणं. चव्वेचाळिसाव्या वर्षी माणसाला याची सवय व्हायला हवी होती. सरांना झाली नाही.

यंदा मात्र पूर्णवेळ जागा निघाली. अटी दोनच. बाहेरून आलेल्या समितीपुढे एक तास घेऊन दाखवायचा, आणि विषयाला किमान पंधरा विद्यार्थी असायचे. सरांकडे सोळा होते. प्राचार्य म्हणाले, "रामटेके, ही गाडी गेली तर दुसरी येत नाई, समजून घ्या." सर समजूनच होते. आठवडाभर त्यांना धड जेवण गेलं नाही. त्यांच्या बायकोनं, माधवीनं, शर्टाला दोनदा इस्त्री केली, तरी तो बसमध्ये चुरगळला तो चुरगळलाच.

तासाच्या दिवशी समितीचे तिघं मागच्या बाकावर बसले. सरांनी सुरुवात झोकात केली. साल एकोणीसशे पंचेचाळीस, देश इंग्लंड. चर्चिलनं लढाई जिंकून दिलेली, आणि जुलैत मतदान. शिपाई दूरदेशी अडकलेले, त्यांची मतं पोचेपर्यंत मोजणी तीन आठवडे थांबलेली. पेट्या उघडल्या तर काय, चर्चिलचा पक्ष साफ आडवा! फळ्यावर सरांनी दोन रकाने काढले. एकात लिहिलं, लढाई जिंकून देणारा. दुसऱ्यात, घर, काम आणि दवाखाना देऊ म्हणणारा.

"तुम्ही ते शिपाई आहात," सर म्हणाले. "घरी परत निघालात. मत कोणाला? ठरवा!"

पोरं खरोखरच ठरवायला बसली. बाक सरकवून त्यांनी गोल केला. सोळातली नऊ पोरं आसपासच्या माडिया-गोंड गावांतली होती, आणि त्या गावांत ठरवायचं म्हणजे बसायचं. हात वर करून डोकी मोजणं तिथं चालत नाही. ज्याचं पटलेलं नाही त्याचं ऐकायचं, एक दिवस लागो की चार, आणि सगळ्यांचं एक झालं की उठायचं. हे सरांना ठाऊक नव्हतं असं नाही. ग्रामसभेच्या धड्यात हेच ते दरवर्षी तोंड भरून शिकवत.

पोरं छान बोलली. रंजीता म्हणाली, "लढाई खतम झाली सर, आता घरी चूल पेटली पायजे. लढनाऱ्याचं काम झालं, आता बांधनाऱ्याचं." एकेक करून सगळे तिच्या बाजूला आले. राहिला इसरू.

इसरू एरवी वर्गात तोंड उघडत नसे. त्याचा थोरला भाऊ पोलिसात होता, चार वर्षांपूर्वी जंगलात नक्षल्यांच्या सुरुंगाच्या स्फोटात गेला. आता जिकडेतिकडे लोक म्हणतात, झालं, संपलं सगळं, चांगले दिवस आले. इसरू ऐकून घेतो.

"लढला त्याले असं कसं काढून टाकता?" इसरू म्हणाला, आणि थांबला. पुढचं बोलायला त्याला वेळ लागत होता. पोरं वाट पाहत बसली. त्यांना घाई नव्हतीच.

घाई सरांना होती. मागच्या बाकावरच्या एकानं घड्याळ पाहिलं. दुसऱ्यानं जांभई दिली. चाळीस मिनिटांतली सदतीस झाली होती आणि फळ्यावरच्या दोन्ही रकान्यांत मतांचा एक आकडा नाही. सतरा वर्षं या तीन मिनिटांत बुडणार!

"चला, हात वर करा," सर म्हणाले. "घर-काम देणाऱ्याला कोण कोण?"

एकही हात हलला नाही. रंजीता चाचरत म्हणाली, "सर, इसरूचं बोलनं व्हायचं हाय ना अजून."

"बहुमत झालंय, रंजीता. एकासाठी देश थांबत नसतो. हात वर!"

आवाज जरा जास्तच चढला. पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. सरांची पत जाऊ नये म्हणून एक हात वर गेला, मग दुसरा. सरांनी मोजून फळ्यावर लिहिलं, पंधरा विरुद्ध एक. "हीच लोकशाही!" समितीनं माना डोलावल्या. घंटा वाजली. इसरू वही घेऊन बाहेर पडला, तेव्हा सर हात जोडून समितीचे आभार मानत होते.

चौथ्या दिवशी समितीची पसंती आली, आणि त्याच दिवशी प्राचार्यांनी एक गठ्ठा पुढे केला. नऊ अर्ज, विषय बदलून मिळण्याचे. शिल्लक सात विद्यार्थी. "परवा शेवटची तारीख," प्राचार्य म्हणाले. "पोरं आणा, नाईतर जागा पण गेली आणि विषय पण."

सर दुसऱ्याची मोटारसायकल मागून इसरूच्या गावी गेले. रस्ताभर चिखल. आता काय सांगायचं, कोणत्या तोंडानं सांगायचं, काही सुचत नव्हतं. पोरं भाताच्या बांधीत गुडघाभर पाण्यात रोवणी करत होती. सर बांधीच्या कडेला, धुऱ्यावर, बूट हातात घेऊन उभे राहिले. इसरू हात धुऊन आला.

"इसरू, बाबा, चुकलो मी. परत चला. माझं सगळं जातं रे."

"आमी बसलो होतो सर, तुमच्यावर," इसरू म्हणाला. "दोन दिवस बसलो. सगळ्यांचं एक झालं, मंग अर्ज लिवले."

"मग पुन्हा बसा. मी पण बसतो. तुला काय बोलायचं होतं ते सांग, मी हलत नाही इथून."

"आता काय त्याचं?"

"सांग ना!" सरांना रडूच आलं.

इसरूनं खाली पाण्याकडे पाहिलं. "आमच्या गावातबी भावाचं नाव कोनी काहाडत नाई. त्याच्या दोन गोष्टी बोलनार होतो मी, सगळ्यांपुढं. दोनच. मंग हो म्हननार होतो. रंजीताचं खरंच होतं."

"म्हणजे सोळाच्या सोळा?"

"हो सर. तुमी जरासे थांबले असते तर."

बांधीतून कोणीतरी त्याला हाक मारली. इसरू पुन्हा पाण्यात उतरला.