मासळीबाजारातला फुलबॅक

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या, कारण हा किस्सा सांगताना मला अजूनही चीड येते. कोणाची येते, ते तुम्हीच ठरवा!

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. माजरीकडच्या एका कोळसा खाणीत मी फुटबॉलच्या जोरावर लागलो होतो. लागलो म्हणजे काय, टेम्पररी! आणि जिच्याशी माझं लग्न ठरत होतं, तिच्या बापानं साफ सांगितलं होतं, "पर्मनंट झाल्यावर या."

मी फुलबॅक. गोल मारणाऱ्याला लोक खांद्यावर घेऊन नाचतात हो, पण अडवणाऱ्याला कोण विचारतो? माझ्या अंगाला लागून दोन-चार बॉल आपल्याच गोलात गेले असतील, पण ते काय मी मुद्दाम मारले?

तर मुलचेऱ्याकडच्या एका बंगाली गावात टुर्नामेंटची फायनल होती. पूर्व बंगालातून येऊन इथं वसलेली ही माणसं. मासळी आणि फुटबॉल म्हणजे त्यांचा जीव की प्राण! मैदानात उतरायच्या आधी आमच्या टीमच्या साहेबांनी मला बाजूला घेतलं.

"रामटेके, कप आला तं तू पर्मनंट. माहा शब्द! त्यायचा तो खोकन आहे ना, त्याले सोडायचं नाई. हे लोक जर्सी बदलतात, म्हणून नंबर पाहू नको, तोंड पाह्य. तो जिथं जाईन तिथं तू!"

"तळ्यात गेला तं?"

"तं तळ्यात!"

झालं. पहिला हाफ मी खोकनला गोचिडासारखा चिकटलो. बिचाऱ्याला धड बॉल दिसू दिला नाही. गोल शून्य!

हाफटाइम झाला आणि खोकननं काय करावं? जर्सी काढून भावाच्या हातात दिली, खांद्यावर गमछा टाकला आणि निघाला मैदानाबाहेर!

आता त्या दिवशी गावचा आठवडी बाजार होता. दोघा भावांचं मासळीचं दुकान. पहिला हाफ एक खेळणार, दुसरा दुकानावर बसणार. मग अदलाबदल. सगळ्या गावाला हे माहीत होतं. मला कोणी सांगितलं? कोणीच नाही! मी म्हटलं, हाच तो डाव. आणि निघालो त्याच्या मागं.

साहेब सरपंचांसोबत चहा पीत होते. आमचा गोलकीपर रफीक तेवढा ओरडला, "अबे रामटेके, कुठी चालला?"

"ड्यूटीवर!"

बाजारात पोचल्यावर खोकन मागं वळला.

"दादा, तुम हमारे पीछे काहे आया?"

"मले येडा समजतेस का? तू मागून मैदानात घुसशीन, मले मालूम नाई?"

"हम तो मछली बेचता है!"

"बेच ना. मी पाहून राह्यलो."

तिकडं शिट्टी झाली, खेळ सुरू झाला, आणि हा इथं रोहूचे खवले काढतोय! केवढा पक्का माणूस!

एवढ्यात एक बाई आली. "भाऊ, रोहू कशी देल्ली?"

"बाई, मी खेळाडू आहो."

"अस्सान जी. पण रोहू कशी देल्ली?"

मी खोकनकडे बोट दाखवलं. गर्दी वाढली तशी खोकननं तराजूच माझ्या हातात दिला. "खड़ा ही है तो तौलो ना, दादा!" तोलली बाबा मासळी! एक डोळा काट्यावर, एक खोकनवर.

मग मैदानाकडून आरडाओरडा झाला. गोल! पण कोणाचा? जाऊन पाहावं तर हा निसटेल. आम्ही दोघंही मान उंच करून ऐकतोय आणि बाया मासळीसाठी ओरडताहेत. माझ्या नोकरीचं आणि लग्नाचं काय झालं, ते तिकडं ठरून गेलं होतं आणि मी इथं झिंगे तोलत होतो! रडू यायचंच काय ते बाकी होतं.

शेवटी आमची टीम मला शोधत बाजारात आली. साहेबांच्या हातात कप!

"जिंकलो?" मी तराजूसकट उडालो. "पाहा साहेब, याले जागचं हलू देल्लं नाई!"

"अबे, त्याची पाळी संपली होती! त्याचा भाऊ खेळून राह्यला होता. आमी दहा जणं खेळलो, दहा!"

रफीकनं माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"जाऊ दे भाऊ. पण आज पहिल्यांदा मले बॉल येताना दिसला. नाई तं समोर तुहीच पाठ राह्यते."

हे ऐकून साहेब विचारात पडले. मात्र शब्द पाळला. मी पर्मनंट झालो, लग्नही झालं.

पुढच्या वर्षी फायनल पुन्हा त्याच गावात. साहेबांनी मला आग्रहानं सोबत नेलं. मी नवे बूट घालून, छाती काढून ट्रकमधून उडी मारली. साहेबांनी पाठ थोपटली आणि बोट दाखवलं.

"रामटेके, बाजार त्या बाजूले आहे."