तोंडाकडं बघत जा

खर्ड्याच्या स्टँडवर त्या सकाळी आम्ही तिघी मैत्रिणी नगरच्या गाडीची वाट बघत उभ्या होतो. तिघींनाही कॉलेजला प्रवेश मिळाला होता. बाकी दोघींच्या आया सांगत होत्या, पोरांपासून लांब राहा, मान खाली घालून जा-ये करा. माझी आई गाडी येईपर्यंत माझी पिशवी धरून उभी राहिली. मी खिडकीशी बसल्यावर तिने आत हात घालून माझं मनगट धरलं.

"कोमे, तितं रस्त्यानं पोरं दिसत्याल. समद्यांच्या तोंडाकडं बघत जा."

एक मैत्रीण फिस्सकन हसली. मग आई कुणाबद्दल बोलतेय ते तिच्या लक्षात आलं आणि तिने हसू आवरलं.

समाधान माझा धाकटा भाऊ. आई-अण्णा ऊसतोडीला जाताना त्याला बरोबर न्यायचे, मी शाळेसाठी गावात चुलतीकडे राहायचे. नऊ वर्षांचा असताना तो फडावरून पाणी आणायला गेला आणि परत आलाच नाही. एका ट्रकमध्ये चढताना कुणीतरी त्याला पाहिलं, एवढंच कळलं. पोलीस झाले, देवऋषी झाले. अशी पोरं शहरात, स्टेशनवर, सिग्नलला असतात, असं आईला कुणीतरी सांगितलं. तेव्हापासून तिच्यासाठी शहर म्हणजे समाधान असेल ती जागा.

तुम्ही जे गावी राहिलात, त्यांना वाटत असेल की मी इथे रुळले. रुळलेही. सावेडीत आम्ही पाच मुली एका फ्लॅटमध्ये राहतो. सुरुवातीला लिफ्टची भीती वाटायची. आता मेसचा डबा उशिरा आला तर फोनवर मीच भांडते. चुलती म्हणते, "लई नगरवाली झाली की गं!" पण रस्त्याने जाताना मी आईने दिलेलं काम करत राहिले. फुगे विकणारी, बाटल्या गोळा करणारी, स्टँडवर झोपलेली लहान पोरं. एकदा एक जण वैतागून म्हणाला, "काय बघती ओ दीदी? फुगा घ्यायचा तर घे, नायतर चल पुढं." मी फुगा घेतला.

यंदा कॉलेजच्या फिल्म क्लबने रस्त्यावर राहणाऱ्या मुलांवरचा एक सिनेमा दाखवला. पुलाखाली राहणारे बहीण-भाऊ. कुणी उचलून नेऊ नये म्हणून झोपताना ती दोघं एकमेकांचे हात ओढणीने बांधून घेतात. हॉलमध्ये पुष्कळ जणी रडत होत्या. मला मात्र गोष्ट धड कळलीच नाही, कारण मी मागच्या गर्दीतली पोरं बघत होते. आणि एका प्रसंगात मागे उकिडवा बसलेला एक पोरगा कुत्र्याच्या पिल्लाला बोलावतो, जिभेने टकटक करत, आपण शेळ्यांना बोलावतो अगदी तसं. कपाळही समाधानसारखंच, पुढे आलेलं.

सिनेमा मोबाईलवर मिळवला आणि दिवाळीला घरी गेले. आई चुलीपुढे होती. तिने पदराने मोबाईलची काच पुसली आणि तो दोन्ही हातांनी धरला.

"ह्योच! आवं, ह्योच हाय! इकडं या, बघा तरी. किती वाळलाय माझा वाघ!"

अण्णांनी बघितलं. पुन्हा लावायला सांगितलं. मग मला विचारलं, "ह्यो शिनेमा कंदीचा?"

"यंदाचाच, अण्णा."

त्यांनी बोटांवर वर्षं मोजली. "समाधानला आता सोळावं लागलं असंल," ते म्हणाले. "मिसरूड फुटलं असंल त्याला. ह्यो नऊ-धाचा हाय."

चुलीतलं लाकूड तडतडत होतं. आम्ही तिघंही इतकी वर्षं नऊ वर्षांच्या पोराला शोधत होतो. नगरमध्ये चहाच्या गाडीवर, गॅरेजमध्ये, रिक्षात, मिसरूड फुटलेली कितीतरी मुलं माझ्यासमोरून गेली असतील. त्यांच्यापुढून मी मान खाली घालूनच गेले.

"मंग आता वळखू कसा?" आई म्हणाली. "शेळीच्या कानाला खूण करून ठेवतो आपुन. लेकराच्या केली न्हाई."

मग ती उठली आणि तिने पेटी उघडली. दर दिवाळीला ती समाधानसाठी एक शर्ट घ्यायची, हे मला माहीत होतं. ते सगळे एकाच मापाचे आहेत, हे मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं. "गल्लीतल्या पोरास्नी वाटून दी," ती म्हणाली. आणि थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता, "सोळाच्या पोराला केवढा लागतो गं?"

माझ्यासारखे जे बाहेर पडलात, त्यांना घर कसं आठवतं मला माहीत नाही. आपण जसे निघालो तसेच आपल्याला जपून ठेवणारी जागा म्हणजे घर, असं मला वाटायचं. आता वाटतं, समोर नसलेल्या माणसाचंही वय जिथे दर वर्षी वाढवावं लागतं, तेच घर. ते फार जड काम आहे. आईला ते आता सुरू करायचं होतं.

नगरला परतल्यावर मी कापडबाजारात गेले. दुकानदाराने विचारलं, "अंगाने कसा आहे?"

"माझा भाऊ आहे."

"अहो ताई, भाऊ आहे ते कळलं. माप सांगा ना."

मी पाठ सरळ केली आणि म्हणाले, "माझ्याच खांद्याला लावून बघा."

त्याने एक निळा शर्ट माझ्या खांद्यांवर धरला, मान तिरकी करून पाहिलं.

"बरोबर बसतोय. का वाढत्या अंगाचा देऊ?"

"वाढत्या अंगाचाच द्या," मी म्हणाले.