खालच्याची पाचर

परशूच्या हातची फळी साचलेल्या पाण्यासारखी सपाट निघायची, असं बाजारकुणंग गावात अजून सांगतात. माणूस खानापूरकडचा. प्लेगानं आईबाप नेले तेव्हा एका पाद्र्यानं त्याला वाढवलं. तिथंच त्याचा बाप्तिस्मा झाला. नाव मात्र आईनं ठेवलेलं तेच राहिलं. पोटासाठी तो या रानात आला आणि म्हादूचा जोडीदार झाला. खड्ड्यावर आडवा ओंडका, वर परशू, खाली खड्ड्यात म्हादू, मधे सहा हात लांब करवत. नऊ वर्षं दोघांनी ती एका श्वासानं ओढली.

या कामाचा एक कायदा होता. ओंडका घरंगळू नये म्हणून त्याच्या बुडाशी जी पाचर मारतात, ती खाली उतरणाऱ्यानंच ठोकायची. ज्याचा जीव खाली, त्यानं ती आपल्या हातानं हलवून बघायची आणि मगच उतरायचं.

एकोणीसशे बाराच्या नाताळच्या आदल्या दिवशीची सकाळ होती. दुसऱ्या दिवशी लोंढ्याला प्रार्थना. रेल्वेची ख्रिस्ती माणसं जमत, आणि परशू वर्षातून एकदाच आपल्या माणसांत बसे. दुपारच्या आत ओंडका संपवून त्याला वाट धरायची होती. म्हणून म्हादू यायच्या आधीच त्यानं पाचर ठोकून टाकली. वाळक्या लाकडाची सापडेना, तर ओल्याचीच.

"पाचर?" म्हादूनं येताच विचारलं.

"झालंय. उतर तू."

"बरीच घाई हाय की पावण्याला!" म्हादू हसला आणि उतरला.

ऊन डोक्यावर आलं आणि ओली पाचर आकसून सटकली. ओंडका फिरला. परशू उडी टाकून काठावर आदळला. उठून बघतो, तर ओंडक्याचं एक टोक खड्ड्यात गेलेलं आणि म्हादूचा पाय त्याखाली. दुसरं टोक काठावर अडकलेलं, आणि त्या काठाची माती मूठमूठ सुटत होती. ती ढासळली की सगळा भार म्हादूच्या छातीवर.

तेवढ्यात म्हादूची बायको फुला पेज घेऊन आली. तिनं खाली बघितलं. मडकं तिच्या हातून गेलं.

"वैनी, गावात पळा! पहारी घेऊन माणसं आणा!"

ती पळाली. गाव दीड मैल.

परशू काठावर उभा राहिला. खाली गेलं आणि काठ सुटला, तर दोघंही संपणार. वर राहिलं, तर त्याला कुणीही दोष देणार नव्हतं. आणि तेच त्याला सोसेना. पाद्रीबाबा दर नाताळाला सांगायचे ते त्याला आठवलं: देवानं वरून नुसती हाक मारली नाही, पोरा, तो उतरून आला.

"बापा, माझ्यासंगं उतर," तो पुटपुटला, आणि त्यानं खड्ड्यात उडी टाकली.

त्यानं दगड रचले, ओंडक्याखाली पाठ लावली. माती मानेवर पडत होती.

"तुजा देव लोंढ्याला वाट बघत असंल की रं," म्हादू दात आवळून म्हणाला.

"न्हाई. हितं हाय."

"मग त्याला म्हण, जरा खांदा दे."

परशूला हसू आलं आणि रडूही. "म्हादू, पाचर मी ठोकलो. ओली."

वरून एक ढेकूळ निसटून त्या दोघांच्या मधे फुटलं.

"पाठ काढू नगंस," एवढंच म्हादू म्हणाला.

परशूनं ती काढली नाही. भीती गेली नव्हती. पण त्या अंधाऱ्या, ओल्या जागेत भीतीच्या शेजारी आणखी कुणीतरी होतं. श्वास अंगाला लागावा इतकं जवळ. माणसांच्या हाका ऐकू येईपर्यंत ते तिथून हललं नाही.

पहारी लागल्या, ओंडका उचलला, म्हादू जिवंत वर आला.

परशू लोंढ्याला गेला नाही. नाताळच्या सकाळी तो म्हादूच्या दाराबाहेर बसून राहिला. आत जायला त्याची छाती होईना. फुलाला सगळं कळलं होतं. ती बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिली. मग पेजेचा वाडगा त्याच्यापुढं ठेवून आत गेली.

"प्रार्थना चुकली की रं तुजी!" आतून म्हादूचा आवाज आला.

"न्हाई चुकली," परशू म्हणाला.

म्हादूचा पाय वाकडाच जुळला. पुढं तो काठावर बसून करवतीचे दात घासायचा, वर दुसरा कुणी उभा राहायचा आणि खाली परशू उतरायचा. मरेपर्यंत त्यानं ती खालची जागा सोडली नाही. रोज सकाळी काठावरून म्हादूची हाक यायची.

"पाचर?"

"ठोकलो."

"वाळकी?"

"व्हय, वाळकी."

मग परशू टोपी काढायचा, क्षणभर थांबायचा, आणि उतरायचा.