उंबऱ्याशी काढलेल्या चपला

रविवारी दुपारी मी आणि ताई एक जुना जपानी तलवारपट बघत होतो. नुसती कापाकापी चालली होती. पळवून नेलेल्या प्रेयसीसाठी नायक डोंगरामागून डोंगर ओलांडत होता, आडवा येईल त्याला उभा चिरत होता, आणि कागदी दारांवर रक्ताच्या चिळकांड्या उडत होत्या. मी तोंडावर उशी धरली होती. ताई मात्र खुशाल मटार सोलत होती.

"अगं, रंग आहे तो," ती म्हणाली.

मग पडद्यावर सगळं शांत झालं. त्या मुलीला पळवणारा सरदार घरी आला. उंबऱ्याशी बसून त्याने चपला काढल्या आणि एकीला एक लावून ठेवल्या. आत ती मुलगी मान खाली घालून बसली होती.

मला ही रीत फार आवडते. आपल्याकडेही तीच आहे. रस्त्यावरचा चिखल, धूळ, सगळं दाराबाहेर राहतं. मला वाटायचं, माणसाचा रागही चपलांबरोबर बाहेरच राहत असेल.

"बंद कर ते," ताई एकदम म्हणाली.

"आत्ता कुठे मारामारी थांबलीये, ताई!"

ताई सासर सोडून आमच्याकडे आली, त्याला आता बराच काळ झाला. का आली, ते तिने कधी सांगितलं नाही. आम्हीही खोदून विचारलं नाही.

मटाराची परात तिने बाजूला सारली होती.

"हेही घरी आले की बूट असेच नीट लावायचे," ती म्हणाली. "मोजे घडी करून आत ठेवायचे. मग दाराला कडी घालायचे."