फसलाकाका

सिनेमा संपून पार्किंग लॉटमध्ये येईपर्यंत काका एक शब्द बोलायचे नाहीत. गाडीशी पोचलं की चष्मा पुसत म्हणायचे, "फसला." अमेरिकेत, अल्फारेटा गावातल्या आम्हा मराठी मंडळींत नव्या सिनेमाचा निकाल असाच लागायचा. पोरांनी त्यांचं नाव फसलाकाका ठेवलं आणि तेही आनंदानं त्या नावाला ओ देऊ लागले.

नुसती खोड काढायची म्हणून ते बोलत नसत. सिनेमा फसला की त्यांना मनापासून वाईट वाटायचं, घरच्या मुलाला पेपर अवघड गेल्यासारखं. "आजकाल माणसाला रडू यायच्या आधी व्हायोलिन रडायला लागतं यार," ते म्हणायचे. "आपल्याला काही करायला ठेवतच नाहीत."

मात्र लहानपणी नागपुरात शेजाऱ्यांच्या टीव्हीवर पाहिलेल्या एका मालिकेचा विषय निघाला की ते थांबत नसत. त्यात रिटायर झालेला सासरा आणि त्याची विधवा सून मटार सोलत बसतात. कोणी कोणाशी बोलत नाही. "केवढा वेळ, बाप्पा! आणि सतरंजीवर बसलेली अख्खी गल्ली चिडीचूप." मला ती मालिका एकदा इंटरनेटवर सापडली. लिंक पाठवू का विचारलं, तर घाईघाईनं म्हणाले, "नको. तीसुद्धा फसली तर?"

त्यांची मुलगी ईशा इथंच जन्मलेली. चांगली नोकरी सोडून ती फिल्म शिकायला गेली. तिची पहिली शॉर्ट फिल्म लायब्ररीच्या हॉलमध्ये दाखवली, तेव्हा आम्ही उभं राहून टाळ्या वाजवल्या. ईशा थेट वडिलांपाशी आली. "सो, बाबा?"

काकांनी चष्मा काढला. "फसली गं," ते हळूच म्हणाले.

ती वळली आणि निघून गेली. काकू त्या दिवशी आमच्या गाडीतून घरी आल्या.

"काका, एकदा खोटं बोलला असतात तर काय बिघडलं असतं?" मी नंतर न राहवून विचारलं.

"कौतुक करायला तुम्ही सगळे होताच. मीही तेच म्हटलं असतं, तर पोरीनं विचारायचं कोणाला?" काका म्हणाले.

पुढे कित्येक महिने ईशाचा फोन फक्त काकूंना यायचा. तो आला की काका टीव्हीचा आवाज कमी करायचे आणि पडद्याकडे बघत बसायचे.

दिवाळीत ती आली. फराळाला आम्हीही होतो. चिवड्याची बशी बाजूला ठेवून तिनं सरळ विचारलं, "ओके बाबा. व्हॉट डिडन्ट वर्क?"

"ती आई फोन ठेवते आणि तू लगेच म्युझिक लावतेस. मी रडलो असतो गं. तू थांबलीच नाहीस."

ईशा म्हणाली, "देन शो मी. तुला आवडलेलं काय ते दाखव."

काकांनी माझ्याकडे पाहिलं आणि होकारार्थी मान हलवली. मी ती मालिका लावली. चित्र धुरकट होतं, दार लोटलं की सेटची भिंतही हलत होती. मटार आले आणि बघता बघता सोलून झाले.

"एवढंच?" काका खुर्चीत पुढे झुकले. "अरे, किती वेळ बसले होते ते!"

"बाकीचं तू केलंस, बाबा," ईशा म्हणाली आणि तिनं तो प्रसंग परत लावला. मग त्यांच्या खुर्चीला टेकून खाली बसली.

काकांना जाऊन आता वर्ष होईल. अलीकडेच ईशानं नवी फिल्म पूर्ण केली आणि मला पाठवली. ती मलाही काकाच म्हणते. "काका, प्लीज, खरं सांगा," एवढंच म्हणाली. मी दोनदा पाहिली. आवडली होती. छान आहे म्हणून मोकळं होणं किती सोपं आहे, ते तेव्हा कळलं. फोन हातात घेऊन घरामागच्या डेकवर फेऱ्या मारल्या आणि शेवटी लावला.

"शेवट लांबलाय गं. वडील दार लावून घेतात, तिथंच थांबायला हवं होतं."

पलीकडे तिनं तोच प्रसंग लावल्याचं ऐकू आलं.

"आय न्यू इट," ती म्हणाली. "पण कोणी सांगतच नव्हतं."