हातावर ठेवलेला पारा

विज्ञान शिकवायला लागणाऱ्या वस्तू मागताना मला कधी लाज वाटली नाही. शहरात, औरंगपुऱ्यात, चष्म्याच्या दुकानात तडा गेलेली भिंगं मागायची, औषधांच्या दुकानात मुदत संपलेल्या सिरिंजा, स्पीकर दुरुस्त करणाऱ्याकडे जळक्या स्पीकरमधली चुंबकं. तो तर मला लांबूनच बघून विचारायचा, "मॅडम, आज क्या होना? कचरा या भंगार?" मी म्हणायचे, दोन्ही द्या. आमच्या घरात पलंगाखाली जागा उरली नव्हती, आणि नवऱ्याने त्याबद्दल बोलणंही सोडून दिलं होतं.

माझी शाळा शहराबाहेर, शेंद्र्याच्या पुढे, एका लहान गावात. शाळेत एक विज्ञानपेटी होती, पण मुख्याध्यापक बदलत गेले तरी तिच्या कुलपाची किल्ली काही कुणाला सापडली नव्हती. त्यामुळे सातवीपर्यंतचं सगळं विज्ञान मी माझ्या पिशवीतून शिकवायचे, आणि खरं सांगायचं तर त्याचा मला माज होता. माझ्या प्रयोगांचे व्हिडिओ मी शिक्षकांच्या ग्रुपवर टाकायचे. खाली अंगठे यायचे, ते बघायला मी दर तासाने फोन उघडायचे.

त्या मार्चमध्ये औरंगपुऱ्यातल्या एका वयस्क डॉक्टरांनी दवाखाना बंद करायला काढला. त्यांच्याकडे रक्तदाब मोजायचं जुनं यंत्र होतं, उभ्या काचेच्या नळीत पारा चढतो तसलं. मी ते मागितलं. देताना ते म्हणाले, "मुलांना दाखवा, पण उघडू नका. पारा काचेत आहे तोवरच बरा." मी "हो डॉक्टर" म्हटलं, आणि रिक्षात बसेपर्यंत ते उघडायचं कसं याचा विचार सुरूही झाला होता. शाळेत असताना मी पारा नुसता पाठ केला होता. द्रवरूप धातू कोणता, एका वाक्यात उत्तर लिहा. पाहिला कधीच नव्हता. माझ्या पोरांचं तसं होऊ द्यायचं नाही, एवढंच डोक्यात होतं.

सातवीच्या वर्गात काचेच्या वाटीत तो ओतला. त्यावर खिळा टाकला, तो तरंगला. लोखंडी नट टाकला, तोही तरंगला. मागच्या बाकावर डुलक्या काढणारेसुद्धा उठून टेबलाभोवती आले. मग मी एकेकाच्या तळहातावर थेंब ठेवला. बघा किती जड लागतो. बोटाने फोडा, दोन होतील. जवळ आणा, पुन्हा एक होईल. तास सुरू करण्याआधी मी अंगठी काढून पर्समध्ये टाकली होती आणि मंगळसूत्र पदरात खोचलं होतं, कारण पाऱ्याने सोनं खराब होतं हे मला माहीत होतं. सोन्याची काळजी मी घेतली होती. पोरांचे हात नंतर साबणाने धुऊन घेतले की झालं, असं मला वाटलं.

उरलेला पारा खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटलीत भरून वर्गातल्या कपाटात ठेवला. कपाटाला नुसती कडी होती.

चार दिवसांनी मधल्या सुट्टीत ग्रुप उघडला, तर एका अनोळखी शिक्षिकेने माझ्या व्हिडिओखाली लिहिलं होतं, "ताई, पारा मुलांच्या हातावर का दिलात? त्याची वाफ विषारी असते, आणि आता उन्हाळा आहे." मला राग आला. आधी स्वतः एक प्रयोग करून दाखवा, असं उत्तरही मी लिहायला घेतलं. उत्तर भक्कम असावं म्हणून फोनवर वाचत गेले. वाफ दिसत नाही. वास येत नाही. तापला की जास्त. लहान मुलांच्या मेंदूला आणि मूत्रपिंडाला लवकर बाधते. लिहिलेलं सगळं पुसलं आणि कपाट उघडलं. बाटलीतला पारा निम्म्याहून कमी झाला होता.

मला पहिला विचार आला तो नोकरीचा. मुलांचा त्यानंतर आला. हे लपवण्यात अर्थ नाही.

वर्गात जाऊन जमेल तितक्या गोड आवाजात विचारलं, बाटलीतला पारा कुणी घेतला का. मी ओरडणारी बाई, त्यामुळे मी गोड बोलले की पोरं जास्तच धास्तावतात. शेवटी खिडकीजवळची मुलगी उभी राहिली. मेंढपाळाच्या घरातली, शाळा कधी न बुडवणारी, प्रयोग असला की सगळ्यांना ढकलून पुढे येणारी.

"बाई, म्या नेला. आजी म्हनली, थोडा आन."

"कशाला?"

"ज्वारीत टाकाया. पारा टाकला की किडा लागत नाय."

हे मला नवीन नव्हतं. माझ्या माहेरीही गव्हाच्या कोठीत पाऱ्याच्या टिकड्या टाकत. लहानपणापासून बघितलेली गोष्ट, आणि वर्गात पारा ओतताना ती मला एकदाही आठवली नाही.

"त्या ज्वारीचं दळण आणलं का?"

"व्हय. परवाच."

"भाकरी खाल्ल्या त्याच्या?"

ती माझ्याकडे बघतच राहिली. भाकरी नाही तर काय खाणार, असं तिच्या तोंडावर होतं. मग आपणहून म्हणाली, "बाई, माहा बारका भाऊ कालपासून उलट्या करू राहिला."

वर्ग शेजारच्या बाईंवर सोपवला, सगळ्यांना बाहेर झाडाखाली बसवायला सांगितलं आणि मुलीला स्कूटीवर मागे घेऊन निघाले. त्यांची वस्ती गावाबाहेर. त्या रस्त्यावर मी किती देवांची नावं घेतली याला गणती नाही, आणि अंधश्रद्धेवर वर्गात भाषण ठोकणारी तीच मी. मागून मुलगी म्हणाली, "बाई, तुमी लई थरथरू राहिल्या." मी म्हटलं, रस्ता खराब आहे. रस्ता नुकताच डांबरी झाला होता.

तिचा बाप मेंढरं घेऊन गोदावरीकडे गेलेला, आई कांदे काढायला कुणाच्या रानात. घरात फक्त आजी आणि दीड वर्षाचं पोर. आजी भाकरी थापत होती. चूल धडधडत होती, तवा तापला होता, आणि पोर तिच्या मांडीला डोकं लावून निपचित पडलं होतं.

"आजी, चूल विझवा," मी दारातूनच म्हणाले. ना रामराम, ना काही. तिने माझ्याकडे पाहिलं, तवा उतरवला, लाकडं ओढली, वर पाणी मारलं. मग म्हणाली, "बसा बाई. उन्हाच्या आल्या."

मी सांगितलं. काय शब्दांत ते आता आठवत नाही. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"माही सासू बी टाकायची पारा," ती म्हणाली. "म्या तर ते सोडून देल्तं. पर पोरगी सांगत आली, बाईनं समद्यांच्या हातावर ठेवला म्हून. म्हनलं, बाईनं लेकरांच्या हातावर ठेवला, म्हंजी वंगाळ नसंल."

तिच्या बोलण्यात दोष देणं नव्हतं. मी पोराला उचलून घेतलं.

वस्तीवरच्या एकाची रिक्षा मिळाली. शहरातल्या सरकारी दवाखान्यात पोहोचेपर्यंत मी त्या पोराच्या छातीवर हात ठेवून बसले होते, श्वास चालू आहे ना बघायला. तिथल्या तरुण डॉक्टरणीला मी सगळं खरं सांगितलं. मीच आणला, मीच उघडला, मीच हातावर दिला. ती रागावली नाही, नुसते प्रश्न विचारत गेली. किती होता, दळण कधी आणलं, बाळ झोपतं कुठे. बाळ चुलीच्याच खोलीत झोपायचं. हे आजीने सांगितलं तेव्हा डॉक्टरणीचं लिहिणं क्षणभर थांबलं.

उलट्या पाण्यामुळे असाव्यात, असं ती म्हणाली. गावोगावचं पाणी खराब आहे, अशी बरीच पोरं येताहेत. तरी घरातल्या सगळ्यांचं रक्त तपासू, रिपोर्टला आठवडा लागेल. वर्गातल्या मुलांनाही आणा. रिपोर्ट सगळे चांगले आले, हे मी आत्ताच सांगून टाकते. पण त्या आठवड्यात वर्गात कुणी नुसतं खोकलं तरी माझ्या हातातला खडू पडायचा. प्रत्येक मुलाच्या घरी जाऊन मी आपल्या तोंडाने चूक सांगितली. दोन घरांत मला दारातूनच परत पाठवलं, आणि त्यांचं काही चुकलं नाही.

त्या दिवशी ऊन उतरायच्या आत आम्ही वस्तीवर परतलो. पोराच्या पोटात मीठ-साखरेचं पाणी टिकलं होतं, ते रिक्षात हसलंही. पण कोठी तशीच होती. पत्र्याची ती कोठी आम्ही तिघींनी ओढून अंगणात आणली आणि ताडपत्रीवर आडवी केली. ज्वारीबरोबर पारा बांधलेली फडक्याची पुरचुंडी बाहेर आली. गाठ जशीच्या तशी होती आणि आत काही नव्हतं. मी ती उलटी केली, झटकली. कुठे तरी दाण्यांमध्ये एक चमक दिसली, मी ओला कागद घेऊन वाकले तोवर ती आत घसरली. तीन-चार थेंब मिळाले. बाकीचा पारा त्या ढिगात होता, आणि तो ढीग म्हणजे त्यांचं वर्षाचं खाणं. शेतकऱ्यांच्या रानात खतासाठी मेंढरं बसवल्याबद्दल बापाला मिळालेली ज्वारी होती ती.

"चाळून, धुऊन घेतली तर?" आजीने विचारलं.

"नाही आजी."

"शेळ्यायला?"

"त्यांनाही नाही. खड्डा करून पुरावी लागेल. मी दुसरी आणून देते."

"ते बगू," ती म्हणाली आणि कुदळ आणायला वळली.

ती भांडेल असं मला वाटलं होतं. भांडावं अशी इच्छाही होती. मी तिच्यामागे गेले. "आजी, मी एकदा चुकलेय. माझ्या एकटीच्या बोलण्यावर करू नका. कुणाला तरी विचारा."

"तुमी बाई हाव. तुमी म्हनल्या पुरा, तर पुरायची." तिने कुदळ मारायला सुरुवात केली.

दिवसभर मी भीतच होते, पण सगळ्यात जास्त भीती मला त्या वेळी वाटली. माझ्या शब्दावर पारा कोठीत गेला होता आणि माझ्याच शब्दावर वर्षाची ज्वारी मातीत चालली होती, आणि दोन्ही वेळा म्हातारीने का म्हणून विचारलं नव्हतं.

नातीला सांगितलं होतं ज्वारीची पाटी भरून आणायला. ती पाटी हातात धरून ढिगाजवळ उभीच होती.

"बाई," ती म्हणाली, "हे तरी पक्कं हाय का?"

सातवीतल्या मुलीने मला असं विचारलं असतं, तर एरवी मी तिला खाली बसवलं असतं. मी पर्स उघडली आणि ज्वारीचं काय करायचं ते डॉक्टरणीने मराठीत लिहून दिलेला कागद तिला दिला. तिने तो ओठ हलवत वाचला, पुन्हा वरपासून वाचला, घडी करून मला परत दिला, आणि मग खाली बसून पाटी भरायला लागली.