ओळख न दाखवण्याचा नियम

दादी गेल्याचा फोन मला कारखान्याच्या प्रयोगशाळेत आला. त्यांचा मुलगा हरीश बोलत होता. "सामंत साहब, माँ कल दोपहर को चली गईं. नींद में ही. डायरी में आपका नंबर था, इसलिए..." मी दोन-चार शब्द कसेबसे बोललो आणि रिसीव्हर ठेवला. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने मान वर करून विचारले, "घरचं कोणी?" मी म्हणालो, "नाही हो. ओळखीच्या एक बाई होत्या, उल्हासनगरच्या." तो "अच्छा" म्हणाला आणि कामाला लागला. माझे वाक्य खोटे नव्हते. पण ज्या बाईंमुळे मी चारचौघांत तोंड उघडू लागलो, त्यांना मी त्यांच्या मृत्यूच्या दुसऱ्याच दिवशी 'ओळखीच्या एक बाई' करून टाकले, हे माझे मलाच टोचत राहिले. अकरा वर्षे मी हेच करत आलो होतो.

माझे सारे शिक्षण मराठीतून झाले, आणि पुढे रसायनशास्त्रातील पदव्युत्तर पदवीपर्यंतचे इंग्रजी मी वाचून आणि लिहून मिळवले. व्याकरणाचे नियम मला मुखोद्गत होते. वाक्प्रचारांची तर एक वही होती, अकारविल्हे लावलेली. बोलायची वेळ आली की मात्र वाक्य मनातच जुळत राही. अंबरनाथच्या कारखान्यात सकाळच्या बैठकीत माझ्यापेक्षा कमी शिकलेले लोक धडाधड बोलत, आणि मी माझे म्हणणे बैठकीनंतर चिठ्ठीवर लिहून साहेबांच्या टेबलावर ठेवत असे. वयाच्या अडतिसाव्या वर्षी मी शिकवणी लावायचे ठरवले, तेही अशा ठिकाणी की जिथे मला ओळखणारे कोणी भेटणार नाही. आम्ही बदलापूरला राहत होतो. उल्हासनगर त्या दृष्टीने पुरेसे दूर आणि पुरेसे गजबजलेले होते.

दादींचे घर निर्वासितांच्या कॅम्पातल्या एका जुन्या बॅरेकीत होते. सिंधीत दादी म्हणजे थोरली बहीण. लहानथोर सगळे त्यांना तसेच हाक मारीत. लहानपणी त्या कराचीत इंग्रजी शाळेत शिकल्या होत्या, फाळणीनंतर इथे आल्या, आणि यजमान गेल्यावर व्यापाऱ्यांची इंग्रजी पत्रे लिहून देऊ लागल्या. त्यांच्या दारावर शिकवणीची पाटी नव्हती. व्हरांड्यात पापड वाळत घातलेले असत, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटे की लोक पापड न्यायला येतात. तशी त्यांची योजनाच होती. शिकणारे सगळे प्रौढ, संसारी, आणि माझ्यासारखेच लाजलेले. म्हणून प्रत्येकाच्या हाती जाताना पापडाचे एक पुडके असे, फीमध्येच धरलेले. पहिल्याच दिवशी त्यांनी मला नियम सांगितला. "बाहर मैं किसी को नहीं पहचानती, सांईं. आप नमस्ते करेंगे तो मैं करूँगी. नहीं करेंगे, तो मैंने आपको देखा ही नहीं." मला केवढे हायसे वाटले होते तेव्हा!

घरी मी सांगितले होते की शुक्रवारी, म्हणजे कारखान्याच्या सुट्टीच्या दिवशी, पाठीला शेक घ्यायला एका वैद्यांकडे जातो. चार-सहा आठवड्यांनी पत्नीने, शुभाने, फडताळ उघडून दाखवले. "अहो, तुमचे वैद्य पाठीला काय पापड बांधतात का?" मी म्हणालो की वाटेत चांगले मिळतात. तिने माझ्याकडे क्षणभर पाहिले, आणि त्या दिवसापासून आमच्याकडे आल्यागेल्याला चहाबरोबर सिंधी पापड मिळू लागला.

दादींची शिकवण्याची रीत मी अन्यत्र कुठे पाहिली नाही. एकाने दुसऱ्याला इंग्रजीत काम सांगायचे, आणि दुसऱ्याने उठून, बाहेर जाऊन, जेवढे सांगितले तेवढेच करून यायचे. काम झाले तर इंग्रजी बरोबर. माझ्या पहिल्या पाळीला दादींनी मला सांगितले की चुलीसाठी माचिस हवी आहे, ती मोहनकडून मागवा. मोहन कापडाचा व्यापारी, माझ्याच वयाचा. मी तीन पोटवाक्ये असलेले एक नम्र वाक्य मनात जुळवून म्हटले: त्यांना तसदी होणार नसेल, आणि कोपऱ्यावरचे दुकान त्या वेळी उघडे असेल, तर घरात माचिस संपली असल्याची बाब तेथे विचारात घेतली जावी... मोहन गेला आणि रिकाम्या हाताने परत आला.

"दुकान खुला है," तो म्हणाला. "लेकिन लाने को तो आपने बोला ही नहीं. मैं देख के आ गया."

सगळे हसले. दादी हसल्या नाहीत. गंभीरपणे माझ्याकडे वळून म्हणाल्या, "ग्रामर एकदम फर्स्ट क्लास. चाय किस पे बनाऊँ?"

मग त्यांनी माझी वाक्प्रचारांची वही मागून घेतली, पाने उलटली आणि परत दिली. "ये सब दिवाली का फराळ है, सांईं. रोज़ की रोटी-भाजी सीखो." रोजची भाजीभाकरी म्हणजे अगदी साधी वाक्ये: थांबा, मला हे हवे आहे, हे माझ्याकडून चुकले. आणि सर्वांत अवघड होते ते 'आय डिडन्ट फॉलो, प्लीज से दॅट अगेन'. हे वाक्य त्यांनी माझ्याकडून इतक्या वेळा म्हणवून घेतले की अखेरीस ते म्हणताना मान खाली घालण्याची सवय सुटली. नम्रता सोडा असे त्या कधी म्हणाल्या नाहीत. "पहले बात, फिर अदब," एवढेच म्हणत.

दीड वर्षाने त्या वाक्याची गरज पडली. मद्रासहून एक सल्लागार अभियंते आले होते. रसायनाचे एक मोठे पात्र साफ करण्यासाठी दोन कामगार आत उतरणार होते, आणि त्याआधी कोणती नळी बंद करायची ते अभियंत्यांनी भराभर सांगितले. आम्ही सात-आठ जण उभे होतो; सगळ्यांनी "येस सर" म्हटले. आमच्याकडे ती पद्धतच होती: साहेबांचे कळले नाही तरी मान डोलवायची आणि मागाहून आपसांत विचारून घ्यायचे. मी उजवीकडे पाहिले, डावीकडे पाहिले. कोणालाच कळलेले नव्हते. मग माझ्याच तोंडून ते वाक्य निघाले. अभियंते रागावले नाहीत. त्यांनी सावकाश पुन्हा सांगितले, तेव्हा उमगले की बंद करायच्या नळ्या दोन होत्या, आणि आमची माणसे एकच बंद करायला निघाली होती. मी कोणाचे प्राण वाचवले असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. कदाचित दुसऱ्या कोणाच्या ध्यानात आलेही असते. पण दुपारी ते दोघे डबा खात होते तिथे मी माझाही डबा घेऊन जाऊन बसलो, हे खरे.

दुसऱ्या दिवशी बैठकीत व्यवस्थापकांनी सर्वांदेखत विचारले, "सामंत, इंग्रजी कुठे शिकलात हो?" आणि मी म्हणालो, "कॉलेजात, सर."

उल्हासनगरच्या बॅरेकीत, पापडवाल्या बाईंकडे, हे शब्द मला उच्चारता आले नाहीत. शिकवणी त्यानंतर लवकरच थांबली. पुढे काही वर्षांनी निवृत्त होणाऱ्या सहकाऱ्याला भेट म्हणून कपाट घ्यायला आम्ही चार जण उल्हासनगरच्याच फर्निचर बाजारात गेलो असताना समोरून दादी आल्या, हातात भाजीची पिशवी. नियमाप्रमाणे त्यांची नजर माझ्यावरून सरळ पुढे गेली. नमस्कार करणे माझ्या हाती होते. मी वाकून कपाटाचा ड्रॉवर तपासू लागलो... त्या पुढे गेल्यानंतरही बराच वेळ तपासत राहिलो.

फोन आला त्या संध्याकाळी मी शुभाला सगळे सांगितले. मुद्दा पहिल्याच वाक्यात. ती ऐकत राहिली आणि शेवटी म्हणाली, "पाठ तुमची कधीच दुखत नव्हती, एवढं मला ठाऊक होतं. मला वाटायचं, पत्ते खेळायला जाता." मग उठत म्हणाली, "उद्या मीही येते."

बॅरेकीतल्या त्या खोलीत सतरंजीवर पंधरा-वीस माणसे बसली होती. मोहनला मी ओळखले, आणखी एक-दोघांनाही; बाकीचे इतर वारी शिकायला येणारे असावेत. कोणी कोणाला ओळख दाखवत नव्हते. दादींचे एक वयोवृद्ध दीर इंदूरहून आले होते, ते आपुलकीने एकेकाला विचारत होते, "आप भाभी को कैसे जानते थे?" एक गृहस्थ म्हणाले, पापड नेत असू. शेजारच्या बाईही तेच म्हणाल्या. मोहनही! म्हातारबुवा हरीशला म्हणाले, "बेटा, भाभी का पापड का धंधा तो बहुत बड़ा था." हरीश मान खाली घालून बसला होता. त्याला सगळे ठाऊक होते. पण आईचा नियम तो आईच्या माघारीही मोडत नव्हता. मग प्रश्न माझ्यापर्यंत आला.

"मी दादींकडे इंग्रजी शिकलो," मी म्हणालो. "दोन वर्षं. त्याआधी मला बोलता येत नव्हतं."

मग मोहन हळूच म्हणाला, "मैं भी. चार साल." पापड नेणाऱ्या बाई डोळे पुसत हसू लागल्या, त्या बँकेत अधिकारी होत्या. पाहता पाहता खोलीभर आवाज झाला, नावे सांगितली गेली, वर्षे सांगितली गेली. मी हरीशजवळ सरकून बसलो आणि बाजारातली गोष्ट त्याला सांगितली. तो चक्क हसला. "वो आप थे? माँ घर आके बहुत हँसी थीं. बोलीं, मेरा एक साहब पूरा का पूरा ड्रॉवर में घुस गया." इतकी वर्षे छातीवर ठेवलेला दगड तो असा हसत उचलून बाजूला ठेवील, असे मला वाटले नव्हते.

निघताना हरीशने आतली खोली उघडली. तिथे आता एक फळा होता आणि त्यावर दादींच्या टपोऱ्या अक्षरात एकच ओळ होती: कांताने डॉक्टरांना फोन करून वेळ घ्यायची. कांता आमच्या मागेच उभी होती, चामटोली गावची, तिशीची बाई. मुलाच्या कानासाठी मुंबईच्या मोठ्या डॉक्टरांना दाखवायचे होते, आणि तिथे फोनवर सगळे इंग्रजीतच. मी विचारले, "केलात का?" ती म्हणाली, "नाय ना, दादा. धीरच होईना. दादी बाजूला बसनार व्हत्या."

"आता आम्ही बसतो," शुभा म्हणाली, आणि खुर्ची ओढून खरोखरच बसली.

फोन त्याच खोलीत होता. कांताने नंबर फिरवला. आम्ही बाकीचे भिंतीला टेकून उभे राहिलो. तिने आधी मुलाचे नाव सांगितले, मग डाव्या कानाने ऐकू येत नाही हे, मग कोणता दिवस चालेल ते. तीन छोटी वाक्ये, मधे मोठमोठे श्वास. पलीकडून काहीतरी विचारले गेले. ती थांबली... मोहनचे ओठ हलू लागले, त्याला मी हाताने गप्प केले. तिचे तिलाच उत्तर सुचले. रिसीव्हर ठेवून ती वळली तेव्हा तिचा चेहरा घामाने डबडबला होता.

"शनवारी, साडेअकराला," ती म्हणाली, फडके घेतले आणि फळ्यावरची ती ओळ स्वतःच्या हाताने पुसली.